पुढचा चिमटा आणि दूरची वाट

१४ जून १८९७ रोजी अमेरिकेच्या मोंटाना प्रांतातील मिसूला गावाजवळच्या फौजी ठाण्यातून पंचविसाव्या पायदळ पलटणीचे वीस कृष्णवर्णी शिपाई, त्यांचा गोरा अधिकारी लेफ्टनंट जेम्स मॉस, एक लष्करी डॉक्टर आणि गावातल्या वर्तमानपत्राचा एक तरुण वार्ताहर असे तेवीस जण सायकलींवर बसून सेंट लुई शहराच्या रोखाने कूच करते झाले, तेव्हा त्यांच्यापुढे एकोणीसशे मैलांचा मुलूख पसरलेला होता आणि त्या मुलखात ज्याला रस्ता म्हणावे असे फारच थोडे होते. घोड्याला दाणावैरण लागते, तो आजारी पडतो, त्याच्या टापांचा आवाज दूरवर ऐकू जातो. सायकलीला यांपैकी कशाचीच तरतूद करावी लागत नाही, तेव्हा डोंगराळ मुलखात निरोप पोचवण्याच्या आणि टेहळणीच्या कामी तिचा उपयोग होतो की नाही हे एकदा लांबच्या मजला मारून पाहावे, अशी मॉसची तजवीज होती आणि सरसेनापती नेल्सन माइल्स यांची तिला अनुकूलता होती.

या मोहिमेची हकीकत वाचताना माझे लक्ष दर वेळी एकाच तपशिलावर खिळते. स्पॉल्डिंग कंपनीने पलटणीसाठी दिलेल्या या सायकलींना पोलादी रिमा होत्या, तारा नेहमीपेक्षा मजबूत होत्या, साखळीवर झाकण होते, आणि पुढचा चिमटा व त्याचा माथा मुद्दाम अधिक जाड घडवलेला होता. पुढच्या चाकाला दोन्ही अंगांनी धरून ठेवणाऱ्या, बेचक्यासारख्या दुभंगलेल्या त्या नळीला आपल्याकडचे सायकल दुरुस्त करणारे कारागीर चिमटा म्हणतात, आणि मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण चुलीतला निखारा उचलताना चिमट्याने जो भरवसा द्यावा लागतो तोच भरवसा वाटेवरच्या प्रत्येक दगडापाशी सायकलीच्या या भागाला द्यावा लागतो. शिपायांची घोंगडी आणि राहुटीचे कापड वळकटी करून हँडलला बांधलेले होते. म्हणजे माणसाच्या अंगाचा जो भार पुढे येतो त्याखेरीज बिछान्याचा सगळा भारही त्या चिमट्यावरच होता. मोंटानाच्या चिकणमातीत चाके रुतून बसली, नेब्रास्काच्या वाळूत सायकली ढकलाव्या लागल्या, आणि जिथे कच्ची वाटही संपली तिथे ही मंडळी आगगाडीच्या रुळांवर चढून स्लीपरांवरून चालली. लाकडी स्लीपरांच्या ओळीवरून सायकल चालवून पाहिलेल्या माणसालाच कळेल की तिथे हात, मनगट आणि खांदा यांची काय अवस्था होते: ठराविक अंतराने तोच ठोका, त्याच जागी, हजारो वेळा. २४ जुलैला, एकेचाळीस दिवसांनी, ते सेंट लुईत पोचले. त्यांतले चौतीस दिवस प्रत्यक्ष वाटचालीचे होते. स्प्रिंग म्हणून ज्याला म्हणता येईल असे त्या सायकलींत काय होते, तर खोगिराखाली थोडेसे, आणि टायरात भरलेली हवा.

या तुकडीतला सर्वांत वडीलधारा असामी सार्जंट मिंगो सँडर्स पुढे १९०६ मध्ये टेक्सासातल्या ब्राउन्सव्हिल गावच्या गोळीबार प्रकरणात १६६ सहकाऱ्यांसह, कोणतीही चौकशी नीट न होता, नोकरीतून काढून टाकला गेला आणि त्या अन्यायाचे परिमार्जन होण्यास १९७२ साल उजाडावे लागले. सायकलीच्या इतिहासात ही गोष्ट विषयांतराची वाटली तरी त्याचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

टायरात हवा भरण्याची ही युक्ती त्या वेळी जेमतेम नऊ वर्षांची होती. त्यापूर्वीच्या पिढीने धक्क्यांशी कसा झगडा केला हे पाहिल्याशिवाय चिमट्याचा इतिहास समजत नाही. १८६० नंतर पॅरिसमध्ये पायडलांची जी दुचाकी प्रचारात आली तिची चाके लाकडी, आरे लाकडी, आणि वर बैलगाडीच्या चाकाला असते तशी लोखंडी धाव. फरसबंद रस्त्यावर तिच्यावर बसणे म्हणजे हाडे खिळखिळी करून घेणे होते आणि इंग्रजांनी तिला नावही त्याच अर्थाचे ठेवले. पुढे चाकाला भरीव रबर आले, आणि पुढचे चाक माणसाच्या छातीपर्यंत उंच झाले. उंच चाक लहान खड्ड्यात पूर्ण उतरत नाही, वरून निघून जाते, म्हणून त्या उंच सायकलीवर धक्के कमी बसत, मात्र दगडाला चाक अडले की स्वार थेट हँडलावरून डोक्यावर आदळे. टॉमस स्टीव्हन्स अशाच सायकलीवर बसून एप्रिल १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून जगप्रदक्षिणेला निघाला, आणि लाहोरहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या आपल्या शेरशाही राजमार्गावरूनही १८८६ मध्ये गेला. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीने दोन्ही चाके जवळजवळ सारखी असलेली ‘रोव्हर’ सायकल काढली, पडण्याचे भय सरले, पण चाके लहान झाल्यामुळे धक्के परत आले.

त्याच वर्षी लंडनच्या लिनले आणि बिग्ज या कारखानदारांनी ‘व्हिपेट’ नावाची एक सायकल बाजारात आणली. तिची रचना इतकी विचारपूर्वक केलेली होती की आजच्या अभियंत्यानेही तिच्यापाशी क्षणभर थांबावे. बसण्याची जागा, पायडले आणि हँडल या तीन ठिकाणांचे परस्परांतील अंतर बदलले तर माणसाच्या पायांची लय बिघडते, हे ओळखून त्यांनी या तिन्हींचा मिळून एक स्वतंत्र सांगाडा केला आणि तो चाकांच्या सांगाड्यात स्प्रिंगेवर टांगला. चाके खालीवर होत, स्वार आपल्या ठिकाणी राही. ही सायकल लोकांना आवडली, खपली. आणि तीनच वर्षांत तिचे प्रयोजन संपले.

ते संपवले एका पशुवैद्याने. बेलफास्टमध्ये व्यवसाय करणारे जॉन बॉइड डनलप हे स्कॉटिश गृहस्थ आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी काही सोय शोधत होते. त्यांनी लाकडाच्या एका तबकडीभोवती पातळ रबराची नळी बसवली, तिच्यात हवा भरली, वरून कापड लपेटले आणि अंगणात ते चाक व तीनचाकीचे भरीव चाक एकामागून एक सोडून दिले. भरीव चाक अंगण ओलांडण्याआधीच आडवे झाले. हवेचे चाक पार पलीकडे गेले, फाटकाच्या खांबाला धडकले आणि उसळून मागे आले. १८८८ मध्ये डनलपनी त्याची सनद मिळवली. रॉबर्ट विल्यम टॉमसन या दुसऱ्या स्कॉटिश माणसाने हीच कल्पना १८४५ मध्ये नोंदवून ठेवली होती असे आढळल्यावरून ती सनद पुढे रद्द झाली, तरी चाकात शिरलेली हवा काही बाहेर निघाली नाही. कारण तिच्यात एक असा गुण आहे जो कोणत्याही स्प्रिंगेत नाही. खडा चाकाखाली येतो तेव्हा टायर त्या एवढ्याशा जागेपुरता दबतो, खडा जणू पोटात घेतो, आणि चाक, चिमटा, हँडल, माणूस यांपैकी कोणालाच वर उचलावे लागत नाही. स्प्रिंगेच्या बाबतीत मात्र निदान चाकाला तरी आधी उडी घ्यावीच लागते. शिवाय हवेला वजन नाही, तेल नाही, सांधा नाही, गंज नाही. व्हिपेटसारख्या स्प्रिंगदार सायकली दिसेनाशा झाल्या, आणि पुढची कितीतरी वर्षे सायकलीचा चिमटा म्हणजे खाली किंचित पुढे बाक दिलेली एक पोलादी बेचकी, हा शिरस्ता कायम झाला.

त्या साध्या चिमट्यावर माणसे कुठवर गेली याचा हिशेब मांडायचा तर मुंबईपासूनच सुरुवात करावी लागेल. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे चव्वेचाळीस हजार मैल तुडवून मार्च १९२८ मध्ये परत आले. इराण आणि इराकच्या ज्या वाळवंटांतून ते गेले तिथे सायकलीची वाट म्हणजे उंटांच्या काफिल्यांनी पाडलेली पायवाट. १९२४ मध्ये निघालेले फ्रामरोझ दावर यांनी तर ऑस्ट्रियन सोबती गुस्ताव श्तावयानिक याच्यासह सहारा ओलांडली, अँडीज पर्वत ओलांडला, अ‍ॅमेझॉनच्या अरण्यात सायकली नेल्या, आणि ते १९३१ मध्ये परतले. आज आपल्या तरुणांना युरोपातल्या सायकलस्वारांची नावे तोंडपाठ असतात. या मुंबईकरांची नावे त्यांना ठाऊक नसावीत याचे मला मनापासून वाईट वाटते. इंग्लंडात १९५५ मध्ये डोंगरपायवाटांवर सायकली नेणाऱ्यांनी लेमस्टर येथे आपला संघ स्थापन केला आणि त्यांतले काही जण १९५८ मध्ये आइसलंडच्या निर्जन अंतर्भागातून आरपार गेले. इयन हिबेलने १९७१ ते १९७३ या काळात दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून अलास्कापर्यंत जाताना पनामाजवळची डॅरियनची दलदल सायकलीसकट पार केली. यांपैकी एकाच्याही सायकलीला दबणारा चिमटा नव्हता. तसा चिमटा करणे अशक्य होते म्हणून नव्हे. तेलाने उसळी आवरणारा दुर्बिणीसारखा आत सरकणारा चिमटा बीएमडब्ल्यूने १९३५ मध्येच मोटारसायकलीला बसवला होता. अमेरिकेत श्विन कंपनीच्या जाड टायरांच्या सायकलींनाही त्याच दशकात स्प्रिंगेचा चिमटा मिळत होता. परंतु मोटारसायकलीला इंजिन ओढते, सायकलीला माणूस. दिवसभर पायडल मारणाऱ्या माणसाच्या अंगात जेमतेम एक विजेचा दिवा पेटेल एवढी शक्ती असते, आणि त्यातून दर चढावर दोन-तीन पौंड जादा लोखंडाचा महसूल भरायला तो सहजासहजी तयार होत नाही.

बदल घडला तो प्रवाशांमुळे नव्हे, शर्यतवाल्यांमुळे. आणि माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात १९७६ च्या ऑक्टोबरात काही तरुणांनी डोंगरावरून खाली सुटण्याची शर्यत सुरू केली. दोन मैलांत तेराशे फूट उतार. सायकली श्विनच्या जुन्या, जाड टायरांच्या. आणि ब्रेक मागच्या तुंब्यात, उलटे पायडल मारून लागणारा. खाली पोचेपर्यंत तो तुंबा इतका तापे की आतले ग्रीस धूर होऊन उडून जाई आणि पुन्हा उतरण्यापूर्वी तो उघडून नवे ग्रीस भरावे लागे; त्या भरण्यावरूनच त्या उतरणीला नाव पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची, चार्ली केली ही मंडळी याच टोळीतली, आणि त्यांच्याच हातून आजची डोंगरी सायकल घडली. उतरणीवर वजनाची फिकीर नसते, वेग असतो, आणि त्या वेगात चाक जमिनीला चिकटून राहिले तरच वळण घेता येते. म्हणून पूर्वी होंडाच्या मोटारसायकलींवर काम केलेल्या पॉल टर्नरने सायकलीसाठी हवा आणि तेल यांवर चालणारा चिमटा तयार केला, १९८९ मध्ये रॉकशॉक्स कंपनी उभी राहिली, आणि पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे भरलेल्या पहिल्या अधिकृत जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड हा उतरणीची शर्यत त्या चिमट्यावर जिंकला. तो चिमटा जेमतेम पाच सेंटीमीटर दबत असे. त्याच सुमारास कोलोरॅडोच्याच डग ब्रॅडबरीने ‘मॅनिटू’ हा चिमटा काढला. त्यात तेल नव्हते, रबरासारख्या मऊ गोळ्यांची चळत होती, जी उघडून धुवायला सोपी होती खरी, पण थंडीत दगडासारखी कडक होई. १९९२ आणि १९९३ मध्ये जिल्बेर ड्युक्लो-लासाल याने उत्तर फ्रान्समधल्या फरसबंद वाटांची पॅरिस-रूबे ही शर्यतही असाच दबणारा चिमटा लावून जिंकली, तेव्हा सायकलींच्या दुकानांत दुसरे काही विकलेच जाईना. आपल्याकडेही काही वर्षांत शाळकरी मुलांच्या सायकलींना ‘शॉकअप’ आले. त्यांतल्या पुष्कळांत उसळी आवरणारे काही नसते, नुसती स्प्रिंग असते, आणि पोर चढावर उभे राहून पायडल मारू लागले की त्याचे निम्मे बळ ती स्प्रिंग खाऊन टाकते.

आता मिसूलाकडे परत जाऊ. १९७६ मध्ये हजारो सायकलस्वारांना अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर नेणाऱ्या संस्थेने आपले दप्तर याच गावात थाटले, आणि पुढे ‘अ‍ॅडव्हेंचर सायकलिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच संस्थेने १९९० नंतरच्या दशकात रॉकी पर्वताच्या जलविभाजक रेषेच्या आधाराने मोंटानापासून न्यू मेक्सिकोच्या मेक्सिकन सरहद्दीपर्यंत जाणारी, सुमारे चार हजार किलोमीटरांची, बहुतांशी कच्ची अशी वाट आखून तिचे नकाशे प्रसिद्ध केले. शर्यतीच्या मैदानात वाढलेला दबणारा चिमटा आणि महिनोन्महिने घर सोडून जाणारा प्रवासी यांची खरी गाठ पडली ती अशा वाटांवर. आणि ती गाठ पडताच मॉसच्या शिपायांचा जुना प्रश्न पुन्हा उभा राहिला: सामान बांधायचे कुठे?

साध्या पोलादी चिमट्याला बाजूला कॅरिअर लावून दोन पिशव्या चाकाच्या धुऱ्याच्या उंचीवर टांगल्या की सायकल स्थिर चालते, हे प्रवासी फार पूर्वीपासून जाणत होते. दबणाऱ्या चिमट्याला बहुधा तशी भोकेच नसतात. आणि कोणी पट्ट्या आवळून कॅरिअर बसवलेच, तर पिशव्या चिमट्याच्या खालच्या, म्हणजे चाकाबरोबर उडणाऱ्या भागावर येतात. मग दर खड्ड्याला स्प्रिंगेला नुसते चाक नव्हे, तर चाकासकट तांदूळ, भांडी आणि रॉकेलची बाटली उचलून खाली ठेवावी लागते. चाक जड झाले की ते जमिनीच्या चढउताराबरोबर चपळपणे हलत नाही आणि चिमटा ज्यासाठी घेतला तोच गुण मावळतो. सामान हँडलवर बांधावे तर ते स्प्रिंगेच्या वर येते हे खरे, पण ब्रेक दाबताच चिमटा अधिक खोल बसतो आणि सायकल तोंडघशी जाऊ पाहते. म्हणून त्या काळात रॉकीच्या वाटेवर कित्येकांनी मागे एकचाकी गाडा जोडून सगळे सामान त्यावर घातले. आणि पुढे बर्फात सायकल नेणाऱ्या अलास्काच्या लोकांच्या उदाहरणावरून सांगाड्याच्या पोटात, खोगिरामागे आणि हँडलाशी आवळायच्या मऊ पिशव्या प्रचारात आल्या तेव्हा कुठे चिमटा पुन्हा मोकळा झाला. सांगाडे करणारेही शहाणे झाले. दबणारा चिमटा साध्यापेक्षा लांब असतो. तो काढून आखूड चिमटा बसवला तर सायकलीचे नाक खाली येते आणि दर वीस मिलिमीटरांमागे हँडलच्या नळीचा कल सुमारे एका अंशाने बदलतो. हे टाळण्यासाठी मुद्दाम लांब घडवलेले न दबणारे चिमटे निघाले, आणि एकाच सायकलीला हवा तो चिमटा लावण्याची सोय झाली.

हे मी नुसते वाचून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी हिमाचलातल्या ग्रामफूहून बातलमार्गे कुंझुमच्या खिंडीकडे जाताना माझ्या सायकलीला हवेचा चिमटा होता. चंद्रा नदीच्या काठची ती वाट म्हणजे वाट नव्हेच, नाल्यांनी वाहून आणलेल्या गोट्यांचे पात्र. आणि गोट्यांमधून पिठासारखी बारीक धूळ. पहिला दिवस फार सुखाचा गेला, हात आंबले नाहीत, आणि माझ्या सोबत्याच्या साध्या चिमट्याकडे पाहून मला त्याची कीव आली. दुसऱ्या दिवशी दुपारी चिमट्याच्या चकचकीत नळीवर काजळासारखी काळी, ओलसर कडी दिसली. तेलात भिजलेली धूळ सीलच्या ओठाखाली शिरली होती. दर धक्क्याला ती नळी घासत होती. संध्याकाळपर्यंत आतली हवा निसटली, चिमटा खाली बसला तो बसलाच, हँडल गुडघ्याशी आले. निघण्यापूर्वी तो उघडून साफ करायचे काम मी टाळले होते, आणि अतिदाबाचा छोटा पंप वजन वाचवण्यासाठी घरी ठेवला होता. पुढचा चढ मी चालत गेलो. सोबती आपल्या रुंद टायरातली हवा थोडी कमी करून, सावकाश, पण बसून गेला.

तेव्हापासून या विषयात माझे मत पक्के झाले आहे. गेल्या काही वर्षांत डोंगरी सायकलींची चाके पुन्हा मोठी झाली, टायर अडीच-तीन इंचांपर्यंत रुंदावले, आणि सर्ली कंपनीने २००५ मध्ये जवळजवळ चार इंच रुंद टायरांची ‘पग्सली’ सायकल आणली तिला चिमटा मात्र साधाच होता. म्हणजे दूरचे प्रवासी उंच चाकाच्या आणि डनलपच्या अंगणातल्या युक्तीकडेच वळले आहेत. ज्याला पिशव्या लादून आठवडेच्या आठवडे कच्च्या वाटेने जायचे आहे त्याने पैसे आधी रुंद आणि चांगल्या टायरांवर घालावेत, आणि चिमटा साधा, पोलादी, सामानाची भोके असलेला घ्यावा. ज्याचे सामान थोडे, वाट उताराची व दगडांची, आणि मनगटे नाजूक, त्याने दबणारा चिमटा जरूर घ्यावा. पण दहा सेंटीमीटरांहून अधिक दबणारा नको, चढावर कुलूप लागेल असा हवा, आणि हवेपेक्षा पोलादी स्प्रिंगेचा असला तर वजन वाढते तरी सील गळाल्यावरही तो सायकल वर धरून ठेवतो. आणि हवेचाच घेऊन निघणार असाल, तर निघण्यापूर्वी तो एकदा स्वतःच्या हाताने उघडून पुसून पाहा, रोज मुक्कामावर पोचताच नळी कोरड्या फडक्याने पुसा, आणि सीलांची एक जोडी व तो छोटा पंप पिशवीच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात ठेवा.